तिच्या वतीनं

नानचांग, चीन
रविवार, १० ऑक्टोबर २००४

प्रिय ब्रिटा,

तुझा पत्ता इडाआत्यानं मला दिलेला नाही. नाताळात तू तिला पाठवलेलं कार्ड तिच्या फ्रिजवर पाकिटासकट लावलेलं आहे. ती कॉफी ओतत होती तेवढ्यात मी तो उतरवून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

तू घर सोडलंस त्याला या सप्टेंबरात दहा वर्षं झाली. मी पहिल्यांदा लिहितो आहे आणि तेही मिनेसोटातल्या आपल्या टेबलावरून नाही, चीनमधल्या एका हॉटेलातून. तुझी आई आणि मी इथं एक मुलगी दत्तक घ्यायला आलो आहोत. अडीच वर्षांची आहे. एलिन असं नाव ठरवलं आहे, माझ्या आजीचं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा आपणच कळवावं, असं मला वाटलं. तुझ्या आईला हे पत्र माहीत नाही. ती आत्ता खाली न्याहारीला गेली आहे.

ही कल्पना तुझ्या आईची. दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये एक जोडपं आलं होतं, त्यांनी इथून एक मुलगी नेलेली. ती मुलगी पाळकांच्या प्रवचनभर बाकाखाली लोळत होती आणि तुझ्या आईनं प्रवचनातलं एक अक्षर ऐकलं नाही. तिथून सगळं सुरू झालं.

हे वाचून तू कागद खाली ठेवशील, हे मला दिसतं आहे. सतरा वर्षांच्या आपल्या मुलीचं बाळ ज्या माणसानं दुसऱ्यांच्या घरी देववलं, तोच आता पृथ्वीच्या पलीकडे जाऊन परक्याचं मूल आणतो आहे. मीसुद्धा विमानात हे वाक्य स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. एवढंच म्हणेन की तेव्हा सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तू स्वतः सही केली होतीस. तुझा मुलगा मार्चमध्ये दहा वर्षांचा झाला असेल. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो, पण त्याचं नाव मला ठाऊक नसल्यामुळे प्रार्थनेत ‘तो’ एवढंच म्हणावं लागतं.

आम्ही सहा कुटुंबं एकत्र आलो आहोत. बरोबर नेब्रास्काचा डुएन म्हणून एक जाडजूड माणूस आहे. काल बसमध्ये म्हणाला, “सव्वीस तास त्या विमानात गुडघे पोटाशी घेऊन बसलोय. आता मूल नाही, कुणी म्हातारा हातात दिला तरी घेऊन जाईन.” त्याची बायको त्याला कोपरानं ढोसत होती आणि स्वतःच हसत होती. आमची दुभाषी तान बाई, चाळिशीची. तिनं उद्याचं सगळं समजावून सांगितलं. सकाळी मुलं हातात देतात. लगेच सही नसते. एक दिवस मूल आपल्याजवळ ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत जाऊन ‘हवं’ किंवा ‘नको’ सांगायचं.

“आजवर कुणी नको म्हणालंय का?” डुएननं विचारलं.

“तुम्ही खूप प्रश्न विचारता,” तान बाई म्हणाली.

तुझी आई वर येते आहे. जिन्यावर तिचं गुणगुणणं ऐकू येतं. किती वर्षांनी.

तुझा बाप,
आर्लेन


सोमवार, ११ ऑक्टोबर, संध्याकाळी

प्रिय ब्रिटा,

कालचं पत्र टाकलेलं नाही. ते याच पाकिटात राहील.

ती आली. नावं पुकारत होते, आमचं तिसरं होतं. कथील रंगाचा कोट घातलेल्या एका बाईनं तिला उचलून तुझ्या आईच्या हातात दिलं, भाजीची जुडी द्यावी तसं. बाकीची मुलं किंचाळत होती. ही रडली नाही. अंगात तीन स्वेटर, पायात कापडी बूट. खोलीवर आल्यावर आईनं स्वेटर उतरवले तर चाललं, पण बुटांना हात लावला की पाय पोटाशी ओढून घ्यायची. शेवटी बुटांसकटच झोपली.

आता जे लिहितो ते नीट क्रमानं लिहितो, कारण माझ्याच डोक्यात त्याचा गुंता झाला आहे.

इथं मूल घ्यायला येणारी सगळीच माणसं एक गोष्ट करतात. फोटोवरून मूल ठरलं की अनाथालयाला एक खोकं पाठवायचं, त्यात एक दुलई, खाऊ आणि एकदाच वापरून टाकायचा पुठ्ठ्याचा कॅमेरा. सोबत चिनीत एक चिठ्ठी लिहायची, ‘कृपा करून आमच्या लेकीचे फोटो काढा.’ मूल देताना ते कॅमेरा परत देतात. तो घरी नेऊन रोल धुवायचा, म्हणजे मोठेपणी मुलीला दाखवायला तिचं बाळपण राहतं. आम्हीही एप्रिलमध्ये खोकं पाठवलं होतं. आज कथील कोटवाल्या बाईनं कॅमेरा परत दिला. सगळे सत्तावीस फोटो काढलेले होते. आईनं तो तिच्या बॅगेत ठेवला आणि म्हणाली, “हा नाताळात उघडायचा.”

दुपारी मी लंगोट आणायला बाहेर पडलो. कॅमेरा घेऊन. रस्त्यापलीकडे एका दुकानात तासाभरात रोल धुवून मिळत होता. मला वाटलं, आईला संध्याकाळी चकित करावं. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच.

नदीकाठच्या बाकावर बसून मी पाकीट उघडलं. पहिल्या चार फोटोंत लोखंडी खाटांची रांग आणि आमची दुलई. पाचव्यापासून एक घर. पुढून पांढऱ्या फरशा लावलेलं, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. माझ्या वयाचा एक माणूस, समोरचा एक दात नसलेला, आणि त्याच्या खांद्यावर आमची एलिन, तोंड उघडून हसते आहे. एक बुटकी बाई, बाह्या मळू नयेत म्हणून कोपरापर्यंत वेगळं कापड चढवलेली. तिच्या पाठीशी बांधलेली एलिन. टबात एलिन. बदकांमागे धावताना एलिन, नागडी. एका फोटोत जेवणाचं टेबल आहे आणि मागच्या भिंतीवर मरियेचं चित्र, बाळ मांडीवर घेतलेलं. आपल्यात अशी चित्रं लावत नाहीत, पण ब्रिटा, दोन वर्षं मी प्रार्थनेत हेच म्हणत होतो की देवा, या पोरीला तुझं नावसुद्धा ऐकायला मिळालं नसेल, तिला तुझ्याकडे आणतो. ती तर त्या चित्राखाली बसून भात खात होती.

आम्हाला दिलेल्या कागदांत लिहिलं आहे की ती जन्मल्यापासून संस्थेतच राहिली.

सत्ताविसाव्या फोटोत ती बाई एकटी आहे. हातात पुठ्ठा धरलेला, त्यावर शाईनं काहीतरी लिहिलेलं. ती हसत नाही आणि रडतही नाही. पासपोर्टला फोटो काढताना आपण बघतो तशी बघते.

तान बाई हॉटेलच्या दाराशी बसची वाट बघत होती. मी फक्त तो शेवटचा फोटो तिच्यापुढे धरला.

तिनं तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही हे इथं धुतलं?”

“हो.”

“त्वेटसाहेब, सगळे घरी जाऊन धुतात.”

“काय लिहिलंय?”

“मासा देताना काटे काढा, हिच्या घशाला लागतात. घरचं नाव नियूनियू.” ती थांबली. “आम्ही विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

“तेवढंच लिहिलंय. आम्ही विचारलं होतं.”

“ही बाई कोण?”

“सांभाळायला ठेवलेली असेल. कधीकधी संस्था मुलांना गावात ठेवते. त्याचे पैसे मिळतात त्यांना. काम असतं ते.”

“काम करणारी माणसं असं लिहितात?”

तिनं फोटो पालथा केला. मग म्हणाली, की काही जण अर्ज करतात, मूल आम्हालाच द्या म्हणून. काहींना मिळतं. काहींना नाही म्हणतात.

“का?”

“मला विचारू नका. मी बस आणि हॉटेल बघते.”

“उद्या आम्ही नको म्हणालो, तर ही त्या बाईकडे परत जाईल का?”

“नाही. खाटांच्या खोलीत जाईल. मग पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी येईल. कदाचित स्पेनचे लोक.” बस आली तेव्हा माझ्या दंडाला हात लावून ती हळूच म्हणाली, “तुमच्या बाईंना दाखवू नका. उद्या दहा वाजता सही आहे.”

फोटो मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आहेत. वर आलो तर तुझी आई जमिनीवर आडवी होऊन झोपलेल्या पोरीच्या बुटांकडे बघत होती. म्हणाली, “लंगोट कुठायत?” मी विसरलो होतो.


मंगळवार, १२ ऑक्टोबर, पहाटे साडेपाच

ब्रिटा,

दोघी झोपल्या आहेत. धान्याच्या कोठारावर मी याच वेळी पोचतो, त्यामुळे शरीर आपोआप उठलं.

परवा मी खोटं लिहिलं. ही कल्पना तुझ्या आईची नव्हती. ती फक्त त्या बाकाखालच्या मुलीकडे बघत होती. फॉर्म मी आणला, मीच भरला, आणि पाळकांसमोर म्हणालो की हे लोर्नाच्या मनात देवानं घातलं आहे. तिनं मान हलवली. माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर तिलाही ते खरं वाटलं असावं. मी देवाकडे मागत होतो ते एवढंच, की तिनं पुन्हा स्वयंपाकघरात गुणगुणावं. तू गेलीस तेव्हापासून तिचा आवाज बंद होता. हे ऐकून तुला वाटेल की मी मूल नव्हे, औषध आणायला आलो आहे. असेलही तसं.

आत्ता मी प्रार्थनेला बसलो होतो. गावच्या शाळेत बाईंनी आम्हाला शिकवलं होतं, उत्तर येईना तर प्रश्न परत वाचा. मी प्रश्न परत वाचतो आहे. ही पोर कुणाची? जिनं जन्म दिला ती सापडत नाही. जिनं वाढवली तिनं विचारलं होतं. आम्ही विचारलं तर आम्हाला ‘हो’ मिळालं. का मिळालं? नको म्हटलं तर ती बाईला मिळत नाही, खाटेला मिळते. हो म्हटलं तर ज्या घरातून तिला आणलं, त्या घराच्या वतीनंही मीच हो म्हणतो. दोन्हीकडून बघितलं तरी कुणीतरी दारात उभं राहतं.

आणि लोर्नाला सांगावं की नाही? नाही सांगितलं तर ती आज सुखानं सही करेल. वाईट बातमी आपणच पोटात ठेवायची आणि घरच्यांना फक्त निकाल सांगायचा, हे मला सहज जमतं. मी त्याला आजवर काळजी म्हणत आलो.

पोर उठली. पलंगावर उभी राहून दाराकडे बघते आहे. मी अंडं सोलून पुढे केलं तर तिनं ते घेतलं, पांढरं खाल्लं आणि पिवळं माझ्या तळहातावर ठेवलं.


मंगळवार, दुपारी तीन

ब्रिटा,

सांगितलं.

तुझी आई केस विंचरत होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, “हे नाताळात उघडायचं होतं ना?” आणि बघायला लागली. पाचव्या फोटोनंतर बसली. पोर तिच्या गुडघ्याशी गेली, फोटोतल्या माणसावर बोट ठेवून तिनं काहीतरी म्हटलं, आणि मग दाराकडे बघितलं, जणू तो बाहेरच उभा आहे.

“कधीपासून आहेत हे तुझ्याकडे?”

“काल दुपारपासून.”

“आणि रात्रभर झोपलास तू? घोरत होतास, आर्लेन.”

मी तान बाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं, स्पेनसुद्धा. तिनं उरलेले फोटो पाहून संपवले, परत क्रमानं लावले, आणि म्हणाली, “मला त्या बाईशी बोलायचंय.”

“ते होणार नाही.”

“तू ठरवू नकोस काय होणार नाही ते.”

कचेरीत एक लांब टेबल, लाल शाईचा डबा, शिक्के मारणारी एक बाई. संस्थेचा माणूस खिडकीपाशी सिगरेट ओढत होता. आमचा नंबर आला. शिक्केवाल्या बाईनं विचारलं, तान बाईनं सांगितलं, “मुलीबद्दल समाधानी आहात का, विचारतात.”

तुझ्या आईनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. “आधी मी फोन करणार. मग सांगते.”

तान बाईनं ते भाषांतर केलं नाही. तुझ्या आईनं सत्ताविसावा फोटो त्या शिक्केवाल्या बाईसमोर ठेवला. त्यासाठी भाषांतर लागलंच नाही. खिडकीतला माणूस सिगरेट विझवून आला. त्यांची बोलाचाली सुरू झाली. मागच्या रांगेत डुएन त्याची रडणारी मुलगी हलवत उभा होता. तो म्हणाला, “लोर्ना, बाई, सही कर की. इथं पाच घरं ताटकळलीत. आम्हाला बाहेर काढलं तर काय करायचं?”

“तुझा कॅमेरा धुतलास का, डुएन?”

“नाही.”

“मग गप्प बस.”

थोड्या वेळानं मी मागे बघितलं तर त्याची बायको बॅगेतला त्यांचा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करत होती.

वीस मिनिटं गेली. तुझी आई खुर्चीवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. शेवटी संस्थेच्या माणसानं स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. त्या गावातल्या दुकानात फोन आहे. बाईला बोलवायला कुणीतरी गेलं. आम्ही सगळे त्या मोबाइलकडे बघत बसलो. मग त्यानं तो पोरीच्या कानाला लावला.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, उंच आणि भरभर. पोर काही बोलली नाही. ती मान हलवत होती. फोनवर मान हलवून दिसत नाही हे मुलांना कुठे कळतं? ती हो, हो, हो अशी मान हलवत राहिली. आणि मग पहिल्यांदा रडली. तुझ्या आईनं तिला छातीशी धरलं आणि फोन तान बाईकडे दिला. “तिला विचार, तुम्हाला ही परत हवी आहे का. नीट विचार. तुमच्याकडे परत देता येत असेल तर मी आत्ता उठून जाते, असं सांग.”

तान बाई बोलली. काय बोलली, देव जाणे. मग ती नुसती ऐकत राहिली. भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं. एवढ्या वेळात तिनं दोनदा डोळे मिटले. मग फोन बंद करून संस्थेच्या माणसाला दिला.

“ती म्हणते, घेऊन जा.”

“चार मिनिटं बोलत होती ती,” तुझी आई म्हणाली.

“बाकीचं तेच ते. खाणं, कपडे.”

“मग तेच ते सांग.”

तान बाईनं संस्थेच्या माणसाकडे बघितलं, मग खिडकीकडे. “लोर्ना बाई, मला एवढंच सांगता येतं.”

आम्ही सही केली, ब्रिटा. तुझ्या आईनं आधी, मी नंतर. तिनं पेन उचललं तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही आम्हाला हवी का, तिला कधी सोडणार नाही ना, मारणार नाही ना, असं त्यांनी विचारलं आणि आम्ही हो आणि नाही म्हणालो. मग आमचे अंगठे घेतले. मुलाला सही येत नाही म्हणून त्याच्या पायाचा ठसा घेतात. त्यासाठी बूट काढावा लागला. तुझ्या आईनं तो काढला आणि पोरीनं काढू दिला. रडून दमली होती. तळव्याला लाल शाई लावून शिक्केवाल्या बाईनं तो कागदावर टेकवला. फार छोटा ठसा आहे.

मी बरोबर केलं का? मला तर आपण काय केलं हेही कळलेलं नाही. त्या चार मिनिटांत काय होतं, ते मला या जन्मी कळणार नाही. तिनं रडून शिव्या दिल्या असतील. तिनं आशीर्वाद दिला असेल. तिनं ‘द्या परत’ म्हटलं असेल आणि ते आमच्यापर्यंत ‘घेऊन जा’ होऊन आलं असेल. तान बाई वाईट नाही. बसमध्ये ती पुढच्या सीटवर पाठ करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.


ग्वांगझौ
बुधवार, २० ऑक्टोबर

प्रिय ब्रिटा,

आज आपल्या देशाच्या वकिलातीत मुलांचे व्हिसा झाले. सगळ्या कुटुंबांना एका खोलीत उभं करून उजवा हात वर करायला लावतात आणि म्हणवून घेतात, की आम्ही कागदांत लिहून दिलेलं सगळं आमच्या माहितीप्रमाणे खरं आहे. डुएनचा हात सगळ्यांत उंच. मीही हात वर केला. तो खाली घेताना कोपरात कळ आली, जड उचलल्यावर येते तशी.

शुक्रवारी मी तुझ्या आईला एक गोष्ट सांगितली. आता तुला सांगतो. आठ दिवस मी तिच्याभोवती फिरतो आहे, तुझ्या लक्षात आलं असेल.

तू संमतीच्या कागदावर सही केल्यानंतर विचार बदलायला कायद्यानं दहा दिवस होते. ते तुला माहीत होतं. फक्त दिवस कसे मोजायचे, ते माहीत नव्हतं. त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. कॅलेंडरवरच्या दहाव्या, पण कायद्याच्या सहाव्या दिवशी सकाळी तू मागच्या पायरीवर माझ्याशी बोललीस. अर्धा तास तरी बोललीस. इडाआत्याकडे राहीन, संध्याकाळच्या शाळेत जाईन, पाळणा माळ्यावर आहे तो पुसून घेईन, सकाळी दुकानात काम करीन. तू सगळं तपशिलानं ठरवलं होतंस, अगदी इडाच्या घरी कुठल्या खोलीत ऊन येतं तेसुद्धा. मी हो, हो म्हणत होतो. मग आत फोन वाजला.

तुझं बाळ दत्तक देणाऱ्या संस्थेच्या ओस्टबी बाईंचा होता. म्हणाल्या, “ब्रिटा आहे का? नियमाप्रमाणे मला तिला एकदा विचारायचं असतं.” तू जाळीच्या दारापलीकडे, माझ्यापासून चार पावलांवर होतीस. तुझी पाठ दिसत होती. मी म्हणालो, “ती झोपली आहे. तिचं ठरलंय.”

एवढंच. अर्ध्या तासाचं तुझं बोलणं मी त्यांना असं सांगितलं.

मग बाहेर येऊन तुला म्हणालो, की मुदत संपली हे कळवायला फोन होता. तू आत गेलीस आणि सप्टेंबरात घर सोडलंस. मुदत संपली नव्हती. चार दिवस उरले होते.

तेव्हा मी हे तुझ्या भल्यासाठी केलं असं समजत होतो, आणि त्या घरात बाळ सुखी राहील असंही. ते सुखी असेलही. पण त्या कचेरीत घड्याळाकडे बघत मी बसलो होतो तेव्हा मला तान बाईचा राग आला नाही. मला तिची ओळख पटली.

तुझी आई ऐकून तिच्या सवयीप्रमाणे उठून भांडी घासायला गेली असती, पण इथं भांडी नाहीत. ती न्हाणीघरात जाऊन पोरीचे कपडे धूत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “मला का सांगतोस? तिला लिही. आणि तिला काय वाटलं असेल ते तू लिहू नकोस. तू काय केलंस तेवढं लिही.” त्यानंतर कामापुरतंच बोलते. गुणगुणणं थांबलं आहे. पोर मात्र आता तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही. आम्ही तिला नियूनियू म्हणतो. एलिन हे कागदावर राहील.

यासोबत एक वेगळा कागद आहे. वकिलातीतल्या माणसासमोर सही करून मी त्यात फोनची सगळी हकीकत लिहिली आहे, ओस्टबी बाईंच्या नावासकट. कायद्यात त्याचा आता काही उपयोग होईल का, मला ठाऊक नाही. पण संस्थेकडे एक फाइल आहे, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्यानं ती मागितली, तर ‘आईचं ठरलं होतं’ एवढंच त्यात लिहिलेलं असू नये. खाली तुझ्या सहीची जागा आहे. तिथं काय लिहायचं, ते पाठवायचं की फाडायचं, यातलं काहीच मी सुचवत नाही.

माफी मागणार होतो. तुझ्या आईनं वाचून ती ओळ खोडली. म्हणाली, मागितलीस की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

पाचही पत्रं एका पाकिटात घालतो आहे. पोस्टाची पेटी हॉटेलच्या खालीच आहे, पण मी जाणार नाही. तुझी आई कडेवर पोर घेऊन दारात उभी आहे आणि तिनं हात पुढे केला आहे. पाकीट ती स्वतः टाकणार आहे. माझ्या हातून ते पेटीत पडेल यावर तिचा विश्वास नाही.

आर्लेन